तुरुंग झालेला राजवाडा

मुलांनो, तुरुंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? उंच दगडी भिंत, गजांची खिडकी, दाराला भलंमोठं कुलूप. बरोबर ना? आता जरा वेगळा तुरुंग डोळ्यांपुढे आणा. कमानींचे लांबच लांब व्हरांडे, उंच छताची दालनं, आजूबाजूला ऐसपैस बाग आणि जुनी झाडं. असा तुरुंग कुठे असतो का, म्हणाल. होता! आपल्या पुण्यातच होता आणि ती इमारत आजही दिमाखात उभी आहे. तिचं नाव आगाखान पॅलेस.

पुणे स्टेशनवरून निघालात की बंडगार्डनचा पूल ओलांडायचा, मुळा-मुठेला मागे टाकायचं आणि येरवड्यावरून नगर रस्त्याला लागायचं. आता कल्याणीनगरपर्यंत मेट्रोही जाते, तिथून पॅलेस जवळच आहे. फाटकातून आत शिरलं की रस्त्यावरच्या गाड्यांचा गोंगाट मागे राहतो आणि समोर ती पांढरी, कमानीदार इमारत दिसते.

हा राजवाडा बांधला तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांनी, १८९२ साली. आगाखान म्हणजे इस्माइली मुसलमानांचे धर्मगुरू. गंमत अशी, की १८७७ मध्ये जन्मलेले हे धर्मगुरू तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचे होते, म्हणजे आजच्या नववी-दहावीतल्या मुलाएवढे! दुष्काळाने आसपासची माणसं हवालदिल झाली होती. नुसतं धान्य वाटण्यापेक्षा त्यांच्या हाताला काम मिळावं आणि कामाचा दाम मिळावा, म्हणून हे बांधकाम काढलं, असं सांगतात. म्हणजे या भिंतींचा पहिला दगड बसला तो भुकेल्या माणसांच्या घामाने.

पन्नास वर्षांनंतर मात्र याच राजवाड्याभोवती काटेरी तारांचं कुंपण आलं आणि बंदूकधारी पहारा बसला. असं काय घडलं होतं?

८ ऑगस्ट १९४२. मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. तिथे इंग्रजांना 'चले जाव' असं ठणकावून सांगण्यात आलं. सरकार टपूनच बसलं होतं. ९ तारखेची पहाट उजाडते न उजाडते, तोच महात्मा गांधी, सरदार पटेल, जवाहरलाल नेहरू अशा साऱ्या पुढाऱ्यांना पकडलं आणि एका खास गाडीत बसवलं. गाडी पुण्याच्या दिशेने निघाली. पुणे स्टेशनवर गर्दी उसळली तर काय घ्या, म्हणून गांधीजींना अलीकडेच, चिंचवडला उतरवून घेतलं आणि मोटारीने गुपचूप आगाखान पॅलेसमध्ये आणलं. नेहरू, पटेल वगैरे मंडळींची रवानगी झाली अहमदनगरच्या किल्ल्यात. तिथल्या बंदिवासातच नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहिला.

कस्तुरबांचं काय झालं? गांधीजींना पकडलं, तर त्या दिवशी संध्याकाळी शिवाजी पार्कच्या सभेत मी बोलेन, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनाही पकडलं! दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला, त्याही इथे दाखल झाल्या. बरोबर होत्या तरुण डॉक्टर सुशीला नय्यर. सरोजिनी नायडू, मीराबेन आणि गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई हेही इथेच होते. मीराबेन म्हणजे एका इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची मुलगी, बरं का! इंग्रजांची लेक इंग्रजांच्याच कैदेत होती.

आता तुम्ही म्हणाल, "राजवाड्यात ठेवलं होतं ना? मग चैनच की!" थांबा, इतक्यात निकाल देऊ नका. आधी पुढचं ऐका.

महादेवभाई हे गांधीजींचा उजवा हात होते. १९१७ पासून पंचवीस वर्षं ते सावलीसारखे त्यांच्याबरोबर राहिले. गांधीजी कुणाशी काय बोलले, कुणाला काय लिहिलं, हे सगळं ते रोजनिशीत टिपून ठेवत. गांधीजींची गुजराती आत्मकथा त्यांनीच इंग्रजीत नेली. १५ ऑगस्टच्या सकाळी बोलता बोलता त्यांना घेरी आली आणि काही मिनिटांतच सारं संपलं. वय अवघं पन्नास. कैदेत येऊन पुरता आठवडाही झाला नव्हता. गांधीजी "महादेव, महादेव" अशा हाका मारत राहिले, पण एका हाकेला ओ देणारा महादेव काही उठला नाही. गांधीजींनी स्वतःच्या हातांनी त्यांना आंघोळ घातली. तिथेच बागेच्या कोपऱ्यात चिता रचली आणि बापाने मुलाला द्यावा तसा अग्नीही त्यांनीच दिला. महादेवभाईंचा मुलगा नारायण तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्याला वडिलांचं शेवटचं दर्शनसुद्धा झालं नाही.

तारीख लक्षात आली का? १५ ऑगस्ट! बरोबर पाच वर्षांनी, त्याच तारखेला देश स्वतंत्र झाला.

त्या दिवसापासून गांधीजी रोज फुलं घेऊन त्या जागेवर जाऊ लागले. तिथे उभं राहून गीतेचा बारावा अध्याय म्हणायचा आणि परत यायचं. ऊन असो, पाऊस असो, हा नेम चुकला नाही.

पण रडत बसणारी माणसं नव्हती ही. गांधीजींनी इथे आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहून काढलं. हवा, पाणी, अन्न, झोप असे साधेच विषय. आणखी एक काम त्यांनी अंगावर घेतलं, ते म्हणजे कस्तुरबांची शिकवणी! बांचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर. तेराव्या वर्षीच लग्न झालेलं, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. आता पतिराज मास्तर झाले आणि बा विद्यार्थिनी. भूगोलाच्या तासाला पंजाबातल्या नद्यांची नावं काही केल्या त्यांच्या ध्यानात राहात नसत. सुशीलाबेननी परीक्षा घेतली, तर बांनी सांगून टाकलं, की लाहोर ही कलकत्त्याची राजधानी! तुम्हाला हसू आलं ना? येऊ दे. पण भूगोलाच्या पेपरला तुमची गाळण उडते, तेव्हा या आजीबाईंची आठवण ठेवा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, कैदेत, तब्येत खालावलेली असताना त्या शिकायला बसत होत्या. ना कुणी मार्क देणार होतं, ना वरच्या वर्गात घालणार होतं.

बाहेर काय चाललं होतं? सारा देश पेटून उठला होता. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा मुलगा हातात तिरंगा घेऊन मिरवणुकीत निघाला. पोलिसांच्या गोळ्या त्याने छातीवर झेलल्या, पण झेंडा सोडला नाही. ठिकठिकाणी तारा तोडल्या गेल्या, कचेऱ्यांवर हल्ले झाले. सरकार म्हणालं, या दंगलींना गांधीच जबाबदार! गांधीजींना हा आरोप मान्य नव्हता. पत्रं लिहून झाली, उपयोग झाला नाही. तेव्हा १० फेब्रुवारी १९४३ ला त्यांनी एकवीस दिवसांचा उपास धरला. उपासापुरतं सोडतो, असं सरकारने सांगून पाहिलं. गांधीजींनी साफ नकार दिला.

वय त्र्याहत्तर आणि उपास एकवीस दिवसांचा! मधे एक वेळ अशी आली, की डॉक्टरांनीही आशा सोडली. दिल्लीत व्हाइसरॉयच्या मंडळातल्या तिघांनी राजीनामे दिले. त्यांतले एक आपल्या विदर्भातले लोकनायक बापूजी अणे. पाण्याचा घोटही जाईना, तेव्हा मोसंब्याचा थोडा रस पाण्यात मिसळला. ३ मार्चला उपास सुटला आणि देशाने सुटकेचा निःश्वास टाकला.

गांधीजी तगले, पण वर्षभराने बांनी अंथरूण धरलं. हृदयाचं दुखणं, त्यात न्यूमोनिया. बांचा भरवसा वैद्यांवर. पंडित शिव शर्मा नावाचे वैद्यराज उपचारांना आले खरे, पण रात्री कैद्यांजवळ राहायची परवानगी त्यांना नव्हती. मग हे वैद्यराज फाटकाबाहेर मोटारीतच झोपत. रात्री-अपरात्री गरज पडली, तर हाकेच्या अंतरावर असावं म्हणून! राजवाड्यात खोल्यांना काय तोटा होता? पण कुलूप दुसऱ्याच्या हाती असलं, की शंभर खोल्या असूनही एक खोली मिळत नाही.

२२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्रीची संध्याकाळ. गांधीजींच्या मांडीवर डोकं ठेवून बांनी प्राण सोडला. साठ वर्षांहून अधिक काळाची साथ सुटली. गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसवली. महादेवभाईंच्या शेजारीच चिता रचली. धाकटा मुलगा देवदास याने अग्नी दिला. चिता विझेपर्यंत गांधीजी झाडाखाली बसून होते.

एवढं झाल्यावर गांधीजींनी सरकारला काय लिहावं? एवढी मोठी जागा आणि एवढा पहारा आमच्यासाठी कशाला? हा पैसा गरीब जनतेचा आहे, आम्हाला साध्या तुरुंगात हलवा! राजवाड्यातून तुरुंगात जायला मागणारा कैदी कधी पाहिलाय?

पुढे त्यांना हिवतापाने घेरलं. आणखी एक मृत्यू कैदेत झाला, तर देश आवरणार नाही, हे सरकारला कळत होतं. ६ मे १९४४ ला सकाळी त्यांना सोडून दिलं. आत येताना बरोबर असलेली दोन जिवाभावाची माणसं जाताना बरोबर नव्हती. सुटताना त्यांनी सरकारकडे मागणी केली, की या दोन समाध्यांची जागा जपावी आणि लोकांना तिथे येऊ द्यावं. हा त्यांचा शेवटचा तुरुंगवास. आफ्रिकेतले २४९ आणि भारतातले २०८९ असे एकूण २३३८ दिवस त्यांनी आयुष्यात तुरुंगात काढले. वर्षांत किती होतात, वहीत करून बघा.

१९६९ साल हे गांधीजींच्या जन्मशताब्दीचं वर्ष. त्या वर्षी चौथ्या आगाखानांनी हा राजवाडा भारताला देऊन टाकला. २००३ मध्ये तो राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक म्हणून जाहीर झाला. आज तिथे गांधीजींची खोली, जुनी छायाचित्रं, वापरातल्या वस्तू पाहायला मिळतात. बागेच्या टोकाला बांची आणि महादेवभाईंची समाधी आहे. गांधीजींच्या रक्षेचा काही अंशही तिथे जपून ठेवला आहे.

आता मघाचा तुमचा प्रश्न. राजवाडाच होता, मग चैनच की, असं वाटलं होतं ना? या दोन समाध्यांपाशी उभं राहिल्यावर तोच प्रश्न पुन्हा स्वतःला विचारून बघा. पिंजरा सोन्याचा असला, तरी पोपटाच्या लेखी तो पिंजराच.

सुट्टीत पुण्याला याल, तेव्हा शनिवारवाडा बघा, सारसबाग बघा, पर्वतीही चढा. पण एक दुपार आगाखान पॅलेससाठी राखून ठेवा. आईबाबांना आणि जमलं तर आजीलाही बरोबर घ्या. व्हरांड्यातल्या एखाद्या कमानीखाली घटकाभर टेका आणि आजीला विचारा, "आजी, पंजाबातल्या पाच नद्या सांग बरं!" तिला नाही आल्या, तर तुम्ही शिकवा.