अलीची बाग शोधताना

अलिबाग हे नाव आपण रोज घेतो. एसटीच्या पाटीवर वाचतो, तक्त्यात आणि पत्त्यात लिहितो. पण हा अली कोण, असं सहसा कुणी विचारत नाही. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये लिहिलंय की अली हा एक श्रीमंत मुसलमान होता, त्याने विहिरी खोदल्या आणि बागा लावल्या. बेने इस्राएल मंडळी सांगतात की तो त्यांच्यातला एली, आंब्या-नारळाच्या बागांचा मालक. म्हणजे एकाच नावावर दोन समाजांचा हक्क, आणि दोघंही संख्येने थोडे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुंब्र्याहून माझी भाचरं आली. पोरांना गाव दाखवायचं म्हणजे काय, तर किनारा, घोडागाडी, भेळ. मग पुन्हा मोबाइल. म्हणून मी सात चिठ्ठ्या लिहिल्या. तीन मराठीत, तीन उर्दूत, शेवटची दोन्ही लिप्यांत. थोरली भाची मराठी माध्यमात शिकते आणि धाकटे दोघे उर्दू माध्यमात, त्यामुळे एकमेकांवाचून कुणाचंच अडखळल्याशिवाय पुढे सरकणार नव्हतं. नियम तीनच: चालत जायचं, मोबाइल बघायचा नाही आणि अडलं तर माणसांना विचारायचं. मी मागून येईन, पण बोलणार नाही.

हा खेळ काही नवा नाही. इंग्लंडातल्या डार्टमूरच्या माळावर १८५४ मध्ये जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्याने एका दुर्गम ठिकाणी बाटली ठेवली. तिथवर चालत येणाऱ्याने आपलं कार्ड त्यात टाकायचं. मे २००० मध्ये अमेरिकेत कुणीतरी जंगलात बादली लपवून उपग्रहाचे आकडे जाहीर केले आणि तोच खेळ जगभर पसरला. आमच्याकडे बाटली नव्हती, बादलीही नव्हती. जे शोधायचं ते आधीपासून जागेवरच होतं.

पहिली चिठ्ठी: 'नावात हिरा आहे, आत कैदी आहेत, शेजारी पाणी आहे.' तळ्याकाठच्या हिराकोटाशी पोरं पटकन पोचली. आंग्रेकाळातला हा कोट आज तुरुंग आहे. दुसरी चिठ्ठी कान्होजी आंग्रे यांच्या समाधीची. १७२९ मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनाही त्यांनी समुद्रावर जेरीस आणलं होतं. हे माझ्या भाचीला पुस्तकातून माहीत होतं. पण ती समाधी भर गावात, दुकानांपासून इतक्या जवळ असेल असं तिला वाटलं नव्हतं.

तिसरी चिठ्ठी अवघड होती: 'लोखंडाला मज्जाव असलेलं घर.' पोरांनी चहावाल्याला विचारलं, रिक्षावाल्याला विचारलं. शेवटी एका पेन्शनर काकांनी वेधशाळेचा रस्ता दाखवला. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ही वेधशाळा अलिबागेत उभी राहिली. दगड पोरबंदरचा, कारण त्यात चुंबकत्व नाही. लोखंडाच्या जागी तांबं-पितळ. हे सगळं जुळवून आणणारे संचालक मूस हे पारशी गृहस्थ होते. आम्ही फाटकाबाहेरूनच पाहिलं, तेवढं पुरे झालं.

चौथ्या चिठ्ठीने आम्ही इस्रायल आळीत शिरलो. इथलं मागेन अबोथ हे सिनेगॉग १८४८ चं, पुढे १९१० मध्ये नव्याने बांधलेलं. हिब्रू अक्षरं बघून धाकटा म्हणाला, "खाला, हे पण उर्दूसारखं उजवीकडूनच वाचतात का?" नावाचा अर्थ आहे पूर्वजांची ढाल. हिब्रूत बापाला 'आव', अरबीत 'अब', आपण म्हणतो अब्बा. मी न बोलण्याचा नियम तिथे मोडला. वर्गात अनेक वर्षं भाषा शिकवून जे सांगता आलं नव्हतं ते त्या आळीत दोन मिनिटांत सांगून झालं. एकेकाळी इथले बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. १९४८ नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली, पण आळीचं नाव गावाने बदललं नाही.

पाचव्या चिठ्ठीत फक्त एक हिशेब होता: किल्ल्यात चालत जायचंय, किती वाजता? तिथीला पाऊणपट केलं की भरतीची साधारण वेळ निघते, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक कोळ्याला ठाऊक असतं. भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या दिवशी अष्टमी होती. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. आपली चांदाची तारीख तिथीच्या एखाद दिवस मागे असते, एवढं ध्यानात ठेवलं तर हिशेब तिच्यावरूनही जमतो. तरी घोडागाडीवाल्याला विचारून खात्री केली. समुद्राशी पैज लावायची नसते.

सहावी चिठ्ठी कुलाबा किल्ल्यात: 'परदेशात जन्मलेली, इथे गंजलेली.' चाकांवरच्या दोन तोफांवर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव आहे. पोरांनी इंग्रजी अक्षरं बोटाने चाचपून वाचली. मग रघुजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ, हाजी कमालुद्दीन शाह यांचा दर्गा, आणि खाऱ्या पाण्याने वेढलेली गोड्या पाण्याची विहीर. आम्ही फातिहा पढलो, दोन घोट पाणी प्यायलो आणि पाणी चढायच्या आत परतलो.

शेवटची चिठ्ठी: 'अली कोण? तीन माणसांना विचारा.' उत्तरं तीन आली. एक म्हणाला पीर, एक म्हणाला ज्यू, आणि एका आजोबांनी विचारलं, "आता नावच बदलायचं म्हणतायत ना?"

२०२४ मध्ये तशी मागणी झाली खरी: अलिबागचं नाव मायनाकनगरी करा. मायनाक भंडारी हे महाराजांचे मोठे दर्यावर्दी. १६७९ मध्ये खांदेरीवर इंग्रजांच्या आरमाराला त्यांनी तोंड दिलं आणि त्यांच्या जोडीला आरमार घेऊन आला तो दौलतखान. समोरच्या उंदेरीवर पुढे सिद्दीही येऊन बसला. मुसलमान दोन्ही बाजूंना होते. मायनाक भंडारींचं नाव गावात ठसठशीत असावं, त्यांची गोष्ट प्रत्येक पोराला यावी. आठवी चिठ्ठी मी त्यांच्यासाठीच लिहिणार आहे.

पण त्यासाठी पहिल्या माणसाची पाटी उतरवावी लागते का? या अलीने लढाई जिंकली नाही, राज्य केलं नाही. विहीर खोदली, झाडं लावली, आणि गावाने त्याचं नाव घेतलं. तो नमाज पढत होता की शब्बाथ पाळत होता, हे गावाने लिहून ठेवलं नाही. मुलांना मी निकाल दिला नाही. थोरलीने तिन्ही उत्तरं चिठ्ठीच्या मागे लिहिली, मराठीत. धाकट्याने खाली उर्दूत ओळ जोडली: बाग किसकी थी, पता नहीं, पानी सबने पिया.