अर्ध्या दारूचा बार

दारूविषयी लिहितो आहे म्हटल्याबरोबर घरातून प्रश्न आला, "दिवाळीच्या अंकात?" मंडळी, ही बंदुकीची दारू. दुसरीला गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. हिच्यावर कायद्याचा पहारा त्याहून कितीतरी जुना.

मूलजवळ आमच्या मामांची धानाची शेती होती. तेव्हा जिल्ह्याचे नाव चांदा. चंद्रपूर झाले १९६४ साली, आणि त्यातून गडचिरोली वेगळा निघाला १९८२ साली. धान भरात आले की रानडुकरे एका रात्रीत बांधी लोळवून टाकीत. मामांकडे परवान्याची जुनी दुनळी होती, १२ बोअरची. म्हणजे एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्या नळीत नेमकी बसेल ती. नळ्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या, काळ्या दारूच्या जमान्यातल्या. बिनधुराची नवी दारू त्यांना सोसणारी नव्हती. जुन्या मापाने ती भरली तर नळीच फुटायची. म्हणून मामा काळ्या दारूची पितळी काडतुसे घरी भरीत, तीही जरा सौम्य. दारूच्या खोलीत चिलीम नाही, कंदील नाही, आणि आम्हा पोरांना तर उंबरठ्याबाहेरच जागा.

पण सौम्य म्हणजे किती? कमी दारू तेवढा कमी धोका, असे कोणालाही वाटेल. तसे नसते. दारू फारच कमी पडली की गोळी बाहेर न पडता नळीतच अडकते. बार 'फुस्स' होतो. काडतूस सर्दले असेल म्हणून माणूस दुसरे घालतो, चाप ओढतो, आणि नळी फुटते ती बहुधा डाव्या हाताशी.

शेजारच्या गावचा एक शेतकरी एकदा मामांना विचारायला आला, "भाऊ, अर्धीच दारू टाकली तं? खांदा लय दुखते जी."

मामांनी त्याला ओसरीवर बसवले. बंदूक मोडून, रिकामी असल्याचे दाखवून, नळी दूरच्या दिव्याकडे धरली.

"दिसला दिवा?"

"दिसला."

"बार बारीक वाजला की थोडं थांबायचं, मग बंदूक मोडून आधी हे. दिवा दिसला नाही, तर त्या रात्री डुकरांना जेवू दे."

तो हसला. गोष्ट हसण्यासारखी होतीही. कार्तिकात पुन्हा आला तेव्हा डाव्या हाताची तीन बोटे नव्हती. मामा त्याला एक शब्दही बोलले नाहीत. आमचे गडी पाठवून त्याच्या धानाची कापणी मात्र करून दिली.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचे दिवस संपवले. बिनपरवाना काडतूस भरणे तर गुन्हाच. मामा गेल्यावर बंदूक ठाण्यात जमा करायची होती. शिपाई ती हातात घेऊन पावती लिहू लागला, तशी मामी म्हणाली, "आधी नळीतून बघून घे, बाबा."