चर्चच्या घंटा देवळांच्या दारी : भोसरीहून नाशिकपर्यंतचा एक मागोवा

पुणे–नाशिक महामार्गावरून व्यवसायानिमित्त नित्य जा-ये करणाऱ्यांना भोसरी म्हणजे उड्डाणपूल, औद्योगिक वसाहत आणि पाळी सुटतानाची गर्दी एवढीच परिचित असते. परंतु या परिसराचा खरा स्वभाव धातूचा आहे. धातू वितळविणे, साच्यात ओतणे, थंड झाल्यावर कातणे आणि तासणे, हा येथील शेकडो लहानमोठ्या कारखान्यांचा दिनक्रम. साचा, गाभा, भट्टी हे शब्द येथे हिशेबाच्या वहीतही येतात आणि चहाच्या टपरीवरही ऐकू येतात. याच महामार्गाने पुढे गेले, तर धातुकामाचे दोन असे नमुने पाहावयास मिळतात की, ज्यांचा इतिहास भोसरीतील कोणत्याही कारखान्याहून पुष्कळ जुना आहे. एक आहे भीमाशंकरी, दुसरा नाशिकच्या पंचवटीत. दोन्ही घंटा आहेत. दोन्ही शिवमंदिरांच्या दारी आहेत. आणि दोन्ही मूळच्या ख्रिस्ती चर्चसाठी ओतलेल्या आहेत.

भोसरी सोडल्यावर मोशी लागते, इंद्रायणी ओलांडली की चाकण येते आणि भीमा नदीच्या काठी राजगुरुनगर. पुढे मंचरहून घोडेगावमार्गे पश्चिमेस वळणारा रस्ता सह्याद्रीच्या दाट अरण्यात, भीमेच्या उगमाशी नेतो. भीमाशंकर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. मंदिराचे शिखर नाना फडणविसांनी बांधविले असे सांगतात. मंदिरासमोर, शनिमंदिरापाशी, दगडी खांबांच्या मधोमध एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिचा घाट देवळातील नेहमीच्या घंटेचा नाही. खांद्याशी गोल, मध्ये सरळ उतरणारी आणि ओठाशी एकदम फाकलेली अशी तिची आकृती आहे. जवळ जाऊन पाहिले म्हणजे तिच्यावरील ख्रिस्ती चिन्हे आणि रोमन अक्षरे दिसतात.

ही घंटा येथे आली ती वसईच्या विजयानंतर. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याकडून १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना मिळाली. पुढील दोनशे वर्षांत किल्ल्याच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या पंथांनी आपापली चर्चे व मठ उभारले. सेंट जोसेफचे मुख्य चर्च १५४६ मधले. त्याच्या दारावरील शिलालेखात १६०१ हे पुनर्बांधणीचे साल आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, आणि त्या मोहिमेतील सरदारांबरोबर चर्चच्या घंटा देशावर आल्या. सातारा जिल्ह्यात वाईजवळ मेणवली येथे कृष्णेच्या घाटावरील घंटेवर बालयेशूला घेतलेल्या मेरीची आकृती व १७०७ हे साल आहे. थेऊर आणि पाली या गणेशक्षेत्रांतील घंटांविषयीही वसईचीच परंपरा सांगितली जाते.

चर्चमध्ये घंटेचे स्थान कोठे असे, हे कळण्यासाठी त्या इमारतीची रचना ध्यानात घ्यावयास हवी. युरोपातील मध्ययुगीन चर्चचा आराखडा ठरलेला असे, आणि पोर्तुगीजांनी तोच येथे आणला. लांबट सभागृह, त्याच्या टोकाशी कमानीपलीकडे वेदी, आणि प्रवेशाच्या बाजूस किंवा कडेला मनोरा. इंग्लंडमधील खेड्यांच्या जुन्या चर्चमध्येही हीच मांडणी आढळते. मनोरा बहुधा पश्चिमेस, वेदी पूर्वेस, आणि दाराजवळ बाप्तिस्म्याचे दगडी कुंड. कारण बाप्तिस्मा म्हणजे त्या समाजात प्रवेश. आपल्या मंदिराशी तुलना केली, तर सभामंडप आणि गर्भगृह हा क्रम ओळखीचा वाटतो. घंटेच्या बाबतीत मात्र मोठा फरक आहे. मंदिरातील घंटा सभामंडपात हाताशी असते. प्रत्येक दर्शनार्थी ती स्वतः वाजवितो. चर्चची घंटा मनोऱ्यात उंचावर असते. ती नेमलेला माणूस दोर ओढून वाजवितो, आणि तिचा नाद साऱ्या गावासाठी असतो. प्रार्थनेची वेळ, विवाह, मृत्यू, आगीचा किंवा शत्रूचा इशारा, हे सर्व गावाला त्या नादातून समजे.

इतक्या दूर आवाज पोचावा म्हणून तिचा धातूही निराळा. तिचे कासे सुमारे चार भाग तांबे आणि एक भाग कथील अशा प्रमाणाचे असते. भांड्यांच्या पितळेत जस्त असते, येथे कथील. कथिलामुळे धातू कठीण आणि निनादी होतो. त्याबरोबर ठिसूळही होतो. म्हणून घंटेला तडा गेला की तिचा आवाज बसतो, आणि पूर्वी अशी घंटा वितळवून पुन्हा ओतण्यावाचून इलाज नसे. आतला गाभा आणि बाहेरचा साचा यांच्यामधील पोकळीत वितळलेले कासे ओतले जाई. जेथे लोळी आपटते तो ओठाजवळचा भाग सर्वांत जाड ठेवीत. बाहेरच्या साच्यात अक्षरे आधीच उलटी उमटविलेली असत. ती घंटेवर सुलट आणि उठावाची येत. भोसरीतील ओतकाम करणाऱ्यास हे समजावून सांगावे लागणार नाही. अभ्यासकाच्या दृष्टीने येथे एक मोलाची गोष्ट हाती लागते. उठावाची अक्षरे घंटेबरोबरच जन्मलेली असतात. नंतर कोणी छिन्नीने कोरलेल्या मजकुराविषयी शंका घेता येते, परंतु साच्यातून उठलेले साल हे त्या घंटेचे जन्मसालच असते.

मंचरहून पुन्हा महामार्गाला लागून नारायणगाव, संगमनेर आणि सिन्नर मागे टाकले की नाशिक येते. गोदावरीकाठी, रामकुंडाजवळ पंचवटीत नारोशंकराचे मंदिर आहे. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते १७४७ मध्ये बांधविले. काळ्या दगडावरील नक्षीकाम, भोवतालचा प्राकार आणि त्या प्राकाराच्या भिंतीवरील घंटाघर यांमुळे ते दुरूनही ओळखू येते. घंटाघरातील घंटेवर १७२१ हे साल आहे. मंदिर उभे राहण्यापूर्वी सव्वीस वर्षे ती ओतली गेली होती. वसईत चर्चच्या मनोऱ्यावरून तिने जे काम करावे, तेच येथे उंच घंटाघरातून केले. तिचा नाद नदीपलीकडच्या वस्तीलाही ऐकू जाई. तो इतका प्रसिद्ध झाला की, मोठ्या आवाजात बोलणाऱ्या बाईला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणण्याचा प्रघात मराठीत पडला. परक्या देवालयातून आलेल्या वस्तूचा वाक्प्रचार व्हावा, यापरते तिच्या रुळण्याचे प्रमाण कोणते?

या घंटा टिकल्या त्या उपयोगात राहिल्या म्हणून. विजयचिन्ह म्हणून कोठारात ठेविल्या असत्या, तर एखाद्या टंचाईच्या वर्षी त्यांची तोफ किंवा नाणी झाली असती. त्या देवाच्या दारी लागल्या, पूजेच्या वेळी वाजू लागल्या, आणि त्यांच्यावरील परकी अक्षरे कोणी घासून काढली नाहीत. मात्र टिकणे आणि ओळख टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. घंटेवरील साल आज वाचता येते. ती कोणत्या चर्चमधून उतरविली, कोणी अर्पण केली, मंदिरात कोणत्या वर्षी लागली, हे प्रश्न मात्र अक्षरे आणि तोंडी परंपरा यांच्या आधारे सोडवावे लागतात. एखाद्या पुजाऱ्याच्या किंवा पंचांच्या वहीतील चार ओळी येथे मोठे काम करून गेल्या असत्या.

इंग्लंडमध्ये अशा चार ओळींचे मोल दिसून येते. राजा सहावा एडवर्ड याच्या कारकिर्दीत, १५५२ मध्ये, सरकारी आयुक्तांनी गावोगावच्या चर्चमधील चांदीची पात्रे, वस्त्रे आणि घंटा यांच्या याद्या करविल्या. हेतू धर्मकार्याचा नव्हता. राज्याला संपत्ती हवी होती, आणि त्यानंतर पुष्कळ वस्तू खजिन्यात गेल्याही. तरी त्या याद्यांमुळेच आज अभ्यासकांना सांगता येते की, अमुक गावच्या मनोऱ्यात तेव्हा किती घंटा होत्या. आजही तेथील चर्चच्या विश्वस्तांना जंगम वस्तूंची यादी अद्ययावत ठेवावी लागते. पुण्यात गुरुवार पेठेतील पंचहौद चर्चच्या उंच मनोऱ्यात इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटांचा संच आहे. इंग्रजी पद्धतीच्या घंटावादनाची रीत ज्यांना जाणून घ्यावयाची आहे, त्यांना फार दूर जाण्याचे कारण नाही.

जैन कुटुंबांना लेखांचे हे महत्त्व नवीन नाही. जुन्या धातुप्रतिमांच्या पाठीवरील लेखात संवत, तिथी, प्रतिमा भरविणाऱ्या श्रावकाचे कूळ, गच्छ किंवा संघ आणि प्रतिष्ठापक आचार्यांचे नाव आढळते. अनेक घराण्यांचा आणि गावांचा इतिहास त्या चार ओळींवरूनच लागला आहे. परंतु मूर्तीला मिळणारी काळजी घंटा, समई, आरतीपात्र, लाकडी कमान किंवा जुने दार यांना मिळतेच असे नाही. जीर्णोद्धाराचा ठराव झाला की उत्साह नव्या संगमरवराकडे जातो, आणि कासे-पितळेच्या जुन्या वस्तू वजनावर मोडीत निघतात. मोडीचा भाव व्यापाऱ्याला तत्काळ कळतो. वस्तूवरील अक्षरांचा भाव मात्र तराजूत येत नाही, आणि भट्टीत गेलेली अक्षरे परत येत नाहीत.

महाराष्ट्रातील सार्वजनिक विश्वस्त संस्थांना १९५० चा कायदा लागू आहे, आणि स्थावर-जंगम मालमत्तेची नोंदवही ठेवली आहे काय, याचे उत्तर लेखापरीक्षकाला अहवालात द्यावे लागते. पुष्कळदा त्या वहीत ‘घंटा, नग १’ एवढीच नोंद असते. तिच्या जागी घंटेची उंची, तोंडाचा व्यास, धातू, टांगलेली जागा, तडा असल्यास तो कोठे, आणि तिच्यावरील मजकूर अक्षरशः जसा आहे तसा लिहावा. मजकूर न समजणाऱ्या लिपीत असेल, तर त्यावर कागद धरून पेन्सिलीने ठसा घ्यावा. छायाचित्र जोडावे; दात्याचे नाव ज्येष्ठांना विचारून, कोणी सांगितले त्याच्या उल्लेखासह लिहावे; दोन विश्वस्तांनी सही करावी आणि एक प्रत मंदिराबाहेर सुरक्षित ठेवावी. एका लहान मंदिरासाठी हे काम एका रविवारचे आहे. जीर्णोद्धाराचा ठराव मांडण्यापूर्वी ते पुरे व्हावे, असा आग्रह देणगीदारानेच धरला, तर विश्वस्तांनाही तो सहसा मोडवणार नाही.