तीन देऊन एक

साताऱ्याच्या आमच्या घराला पडवी आहे आणि पडवीच्या तुळईला झोपाळ्याच्या कड्या आहेत. झोपाळा मात्र पंचवीसएक वर्षे माळ्यावर पडून होता, कारण त्याच्या जागी तीन मोटारसायकली उभ्या होत्या. एक १९७४ ची बुलेट, एक राजदूत आणि एक येझदी. पाहुण्याला या तिघींच्या मधून अंग चोरून घरात यावे लागे, आणि आत आल्यावर त्याच्या कपड्यांवर ऑइलचा एक तरी डाग सापडेच. आमच्याकडे येऊन गेल्याची ती पावती आहे, असे सौ. म्हणत असे.

तिघींची हकीकत आधी सांगायला हवी. बुलेट वडिलांची. ते जनावरांचे डॉक्टर होते. खटाव-माणच्या वाड्यावस्त्यांवर अडलेली गाय सोडवायला त्यांना अपरात्री जावे लागे. परतताना राजवाड्याकडून आमच्या आळीचा चढ लागला, की गाडीचा ठोका बदलायचा. तो ठोका कानावर आला की आई तव्यावर भाकरी टाकी. वडील हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत ती फुगलेली असे. २००३ साली वडील गेले. राजदूत माझी, नोकरी लागल्यावर एका गवळ्याकडून घेतलेली. टाकी उघडली की पेट्रोलाबरोबर दुधाचाही वास येतो, असे आईचे पहिली दोन वर्षे म्हणणे होते. आणि येझदी मी घेतली १९९८ साली. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला होता. ‘आता पुन्हा मिळायची नाही’ एवढ्या एका वाक्यावर मी ती घरी आणली. या वाक्यावर माणूस काय काय घरात आणून ठेवतो, त्याचा हिशेब ज्याने त्याने आपापल्या माळ्यावर चढून करावा!

तीन गाड्या बाळगणे म्हणजे तीन स्वभाव सांभाळणे. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. बाकी दोघींचे नेमके उलट. येझदीचा गिअरचा दांडा आणि किकचा दांडा एकच, तो वळवून घ्यायचा आणि मग त्यावर उभे राहायचे. राजदूत व येझदीच्या पेट्रोलात ऑइल मिसळायचे, बुलेटच्या चुकूनही नाही. एका रविवारी बुलेटवरून येझदीवर बसलो आणि समोर म्हैस आल्यावर ब्रेक म्हणून डाव्या पायाने गिअर दाबला. म्हैस शहाणी होती म्हणून निभावले.

तीन गाड्यांचा धनी गावोगाव हिंडत असेल, अशी लोकांची समजूत असते. मी कुठेच जात नव्हतो. यात गाड्यांचा दोष नाही. एवढ्या वयाच्या गाडीला रोज माणसाचा हात लागतो, आणि मी बँकेतून सुटून जेमतेम रविवारी तिच्याशी बसणार. एकीचा कार्बोरेटर साफ करावा तो दुसरीची बॅटरी उतरलेली असायची. त्यात उजवा गुडघा दुखू लागला. किक मारण्यापूर्वी मी आता बुलेटकडे नव्हे, गुडघ्याकडे पाहत असे.

२०२५ च्या जानेवारीत निवृत्त झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी सौ.ने चहाचा कप पुढे ठेवला आणि विचारले, “अहो, कास इथून किती लांब?”

“पंचवीस किलोमीटर असेल.”

“लग्नाला तेहतीस वर्षं झाली. कासची फुलं मी दोनदा पाहिली, आणि दोन्ही वेळा एस.टी.नं.”

ती एवढेच बोलली आणि आत गेली. मी चहा घेत तिघींकडे पाहत राहिलो.

ठरवले ते असे, की तिन्ही द्यायच्या आणि लांब पल्ल्याची, बटणावर सुरू होणारी एकच गाडी घ्यायची. आईला कसे सांगावे याची चार दिवस तालीम केली. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “किती येतात?” मी अंदाज सांगितला. “म्हणजे झोपाळा लावता येईल,” ती म्हणाली, आणि शेंगा सोलू लागली. मला हायसे वाटले आणि थोडे वाईटही वाटले.

गिऱ्हाईक सांगलीत मिळाले. तिथे एक मिस्त्री जुन्या गाड्या बांधून शौकिनांना देतात. त्यांनी फोनवर एकच अट घातली. “टेम्पोत घालून आणलेल्या गाडीला मी किंमत करत न्हाई. चालवत आणा.” सातारा ते सांगली म्हणजे सव्वाशे किलोमीटर! पण अट वाजवी होती. तेव्हा फेब्रुवारीतले तीन रविवार तिघींना वाटून दिले. जाताना गाडीने, येताना एस.टी.ने.

पहिली निघाली राजदूत. हमरस्त्यावर तिची दमछाक होईल म्हणून मी आडवाट धरली. माहुलीला कृष्णा ओलांडली, कोरेगाव, रहिमतपूर मागे टाकले. औंधच्या अलीकडे क्लचची वायर तुटली. ती बदलायची राहिली होती माझ्याकडूनच. गाडी ढकलत नेली ती एका सायकलच्या दुकानापर्यंत. दुकानातल्या पोराने ब्रेकची वायर काढली, दोन पीळ देऊन बसवली आणि तीस रुपये घेतले. तो काम करी तोवर मी डोंगरावरच्या यमाईकडे आणि खालच्या गावाकडे पाहत बसलो. एवढ्याशा संस्थानच्या राजाने, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, १९३९ साली आपला अधिकार प्रजेच्या हाती दिला. त्याआधी वर्षभर चित्रांचे संग्रहालय उघडले, आणि तिथे रविवर्म्याची चित्रे आजही पाहता येतात. माझ्या घरापासून हे दीड-दोन तासांवर, आणि मी साठाव्या वर्षी तिथे पोचलो ते तुटलेल्या वायरीच्या कृपेने.

पुढे पुसेसावळी, विटा. विट्याकडची माणसे सोन्याचांदीच्या गलाईसाठी हिंदुस्थानभर पांगलेली आहेत. इथल्या चहाच्या टपरीवर मी परप्रांतांतल्या बाजारपेठांची नावे इतकी सहज ऐकली, जशी आमच्याकडे कोरेगाव-कराडची घेतात. मग तासगाव, द्राक्षांचे मांडव, गणपतीचे उंच गोपुर. सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ आलो तेव्हा हळदीचा हंगाम सुरू झाला होता. तो वास आधी नाकात शिरतो आणि मग घशात उतरतो. राजदूत दिली. मिस्त्रींनी ती वायर पाहिली, हसले, पण किमतीत काही कापले नाही.

येझदीचा प्रवास हमरस्त्याने झाला आणि त्यात सांगण्यासारखे थोडे आहे. कराडजवळ उड्डाणपुलाचे काम चालले होते, तिथे अर्धा तास धूळ खाल्ली. तासवड्याच्या टोलनाक्यावर मोटारींच्या रांगेशेजारून फुकट पुढे जाताना सात्त्विक आनंद झाला. पेठ नाक्यावरून आष्ट्याच्या रस्त्याला लागल्यावर ती अशी काही पळू लागली, की हिला द्यायला का निघालो, असे दोनदा वाटले.

उरली बुलेट.

तिसऱ्या रविवारी सौ. मागे बसली. पहाटे आई काठी टेकत दारात आली. “चढावरनं एकदा फिरवून आण,” म्हणाली. मी खाली राजवाड्यापर्यंत गेलो आणि चढ चढून परत आलो. आई दारात नव्हती. स्वयंपाकघरात तव्यावर भाकरी होती. सगळ्या भाकरी होऊन, फडक्यात बांधून आमच्या पिशवीत येईपर्यंत निघायला तासभर उशीर झाला. कोणी कोणाला काही बोलले नाही.

या वेळी आम्ही नदी धरून गेलो. कराडला प्रीतिसंगमावर कोयना येऊन कृष्णेला मिळते. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. तिथून ताकारी, किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंधकरांनी दिलेल्या ओसाड माळावर कारखाना उभारला. त्याआधी १८८८ साली बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले होते. हे मी सौ.ला मागे वळून ओरडून सांगत होतो. बुलेटवर सगळेच ओरडून सांगावे लागते. तिने “काय?” असे चारदा विचारले आणि मग सोडून दिले. भिलवडीचा पूल ओलांडून औदुंबरला आलो. दत्ताचे दर्शन घेऊन घाटाच्या पायऱ्यांवर बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला. पाणी संथ होते. भाकरी अजून मऊ होती.

१९२९ साली खुला झालेल्या आयर्विन पुलावरून सांगलीत शिरलो. मिस्त्रींच्या दुकानाच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर एक रेघ होती आणि खाली लिहिले होते ‘२०१९’. त्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती. पंचेचाळीस ही धोक्याची पातळी. “पाणी उतरल्यावर लोकांनी घाईनं किका मारल्या,” मिस्त्री सांगत होते. “इंजिनात पाणी असलं की ते दाबलं जात न्हाई. आतली दांडी वाकती. आधी उघडायचं, गाळ धुवायचा, वाळवायचं, मग किक. दोन म्हैने तेच केलं.” महाबळेश्वरला उगम पावून, वाई-माहुलीवरून ही नदी आमच्याकडून यांच्याकडे येते, आम्ही तिला पुलावरून हात जोडतो, आणि यांच्या भिंतीवर ती रेघ मारून जाते.

मग त्यांनी बुलेट स्टँडवर घेतली. डिकॉम्प्रेसर दाबून अँपिअरचा काटा मध्यावर आणला आणि एका किकेत सुरू केली. डोळे मिटून ऐकले. “हिच्यामागं माणूस हुता,” म्हणाले. मी बाहेर जाऊन उगाच रस्ता पाहत उभा राहिलो. तिघींचे मिळून दोन लाख साठ हजार आले. सौ.ने ते मोजले. माझ्याने मोजवले नसते.

नवी गाडी तिथल्याच एका दुकानात नोंदवून ठेवली होती. रॉयल एनफील्डची हिमालयन. म्हणजे बुलेटच्याच घरची, पण नात शोभावी अशी. ४५२ घनसेंटिमीटरचे इंजिन, ते थंड ठेवायला मोटारीसारखे पाणी, सहा गिअर, टाकी सतरा लिटरची, वजन १९६ किलो. पुढे एक वाटोळी काच आहे; तिच्यावर मोबाइलमधला नकाशा दिसतो. किक नाहीच. बटण दाबताना उजवा गुडघा सवयीने वर उचलला गेला आणि दुकानातली मुले हसली.

परतीच्या वाटेवर माझे कान सारखे काही तरी शोधत होते: टॅपेटची टकटक, साखळीचा सैल आवाज. काहीच नव्हते. आष्टा मागे पडल्यावर लक्षात आले, की सौ. बोलते आहे आणि मला ऐकू येते आहे. कराड येईपर्यंत तिने बहिणीच्या मुलीचे लग्न, गच्चीची गळती आणि कन्याकुमारी असे तीन विषय संपवले. ही गाडी उघडायची तर संगणक लागतो, हे मला अजून आवडलेले नाही. पान्यांची पेटी मी दिली नाही. पण त्या संध्याकाळी मी उंब्रजच्या पुढे, आपणहून, ती चौथा विषय काढते का याची वाट पाहत होतो.

साताऱ्यात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. चढ चढलो, गाडी पडवीत घेतली. पडवी एवढी मोठी आहे हे मी विसरलो होतो. आई आतून आली ती दचकलीच.

“कधी आलास? आवाजच नाही आला.”

“हिचा एवढाच येतो, आई.”

ती गाडीभोवती एकदा फिरली, आरशाला हात लावून पाहिला. “तव्यावर अजून काही नाही,” म्हणाली. “खालच्या कोपऱ्यावर हॉर्न वाजवत जा. दोनदा.”

झोपाळा दुसऱ्या दिवशी लागला. सप्टेंबरात कासला जाऊन आलो. जांभळ्या फुलांत उभी राहिलेली सौ. फोटोत हसते आहे, तो फोटो तिने बहिणीला पाठवला आहे. परतताना मी कोपऱ्यावर दोनदा हॉर्न वाजवतो. कधी गल्लीतला दुसराच कोणी वाजवतो, आणि मग आमच्या आधी भाकरीच तयार असते.