आमची पद्मिनी आणि विजेची गाडी

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं एक लहानशी सभा भरली. विषय एकच : अंगणांत पत्र्याच्या छपराखालीं उभी असलेली जुनी फियाट ठेवावयाची कीं मोडींत काढावयाची. थोरल्या पुतण्यानें विजेवर चालणारी मोटार घेण्याचें ठरविलें होतें, आणि छपराखालीं जागा एकाच गाडीपुरती. त्यांतच जुन्या गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आलेली. पंधरा वर्षें उलटलेल्या मोटारीची दर पांच वर्षांनीं तपासणी करवून नोंदणी नवी करून घ्यावी लागते, आणि वीस वर्षांवरील मोटारीस त्याचें शुल्क २०२५ सालापासून दहा हजार रुपये झालें आहे. "काका, जी गाडी महिन्यांतून एकदां धक्का मारून चालू करावी लागते, तिच्यावर एवढा खर्च कशासाठीं?" असें पुतण्यानें विचारलें. प्रश्न सरळ होता. उत्तर देण्याची जबाबदारी माझ्यावर आली. कारण दादा गेल्यापासून मोटारींचें वेड घरांत माझ्या एकट्यापाशींच उरलें आहे. मीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

मॅट्रिक होऊन पाठशाळेंत संस्कृत शिकलेल्या आणि पुढें छत्तीस वर्षें मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलेल्या मास्तराला हें वेड कोठून लागलें, असें वाचकांस वाटेल. तें दादांमुळें. दादा जुन्या बाजारांतून मोटारींचीं इंग्रजी मासिकें आणीत आणि मी शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांतील शर्यतींचीं वर्णनें वाचीत असें. फांजिओ आणि लाउडा हीं नांवें मला पाणिनि-पतंजलींइतकींच परिचयाचीं झालीं. पुढें १९८६ सालीं दादांनीं एका डॉक्टरांकडून ही गाडी घेतली. ती १९७८ सालची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत बनलेली. शेठ वालचंद हिराचंद यांनीं ही कंपनी १९४४ सालीं काढली. फियाटची 'अकराशें' जातीची मोटार तेथें आधीं 'डिलाइट', मग थोडा काळ 'प्रेसिडेंट' आणि १९७४ च्या सुमारास 'पद्मिनी' या नांवानें निघूं लागली. नांव कमळाच्या वेलीचें; परंतु कमळ चिखलांत फुलतें आणि आमची पद्मिनी चिखलांत रुतते, हा विनोद दादा दर पावसाळ्यांत न चुकतां करीत.

तिचा गिअरचा दांडा पायापाशीं नसून स्टिअरिंगच्या खांबालाच लागून आहे. तो बदलणें म्हणजे संधि करण्यासारखें आहे : दोन वर्ण कोठें जुळले तें कानाला कळतां कामा नये. मला ही संधि साधावयास दोन वर्षें लागलीं. रविवारीं सकाळीं स्पार्क प्लग काढून पॉलिश कागदानें घासणें, कार्ब्युरेटरच्या जेटमध्यें फुंकर मारून कचरा काढणें, हीं आमचीं ठरलेलीं कामें. दादा हात पुढें करीत आणि मी कोणता पाना द्यावयाचा तें न विचारतां देत असें. वाईहून पसरणीचा घाट चढून पांचगणीस जाणें ही आमची चैन. उतरतांना दादांचा नियम असे कीं, ज्या गिअरांत चढलां त्याच गिअरांत उतरा. नुसत्या ब्रेकवर विसंबूं नका. एकदां गप्पांच्या भरांत मीं तो मोडला. खालीं पोंचेपर्यंत चाकांपाशीं जळकट वास सुटला होता. दादा रागावले नाहींत. गाडी कडेला घेऊन म्हणाले, "वर चढावयास जें पेट्रोल जाळलें, तें आतां चाकांतून पुन्हां जळून जात आहे." त्या वेळीं मीं तें नुसतें ऐकून घेतलें.

आठ दिवसांत विजेच्या गाडीविरुद्ध पुरावा गोळा करावा, असा माझा बेत होता. नवखी, पारख न झालेली वस्तु घरांत कशाला आणावी, हा माझा मुख्य मुद्दा. वाचावयास बसलों आणि पहिल्याच दिवशीं तो ढासळला.

मोटारीच्या वेगाचा पहिला नोंदलेला विक्रम १८९८ च्या डिसेंबरांत पॅरिसजवळ आशेर येथें झाला. काउंट शासलू-लोबा या फ्रेंच सरदारानें ताशी ६३ किलोमीटरांचा वेग गांठला. गाडी विजेची होती! कामिय जेनात्सी नांवाच्या बेल्जियन गृहस्थानें त्यास आव्हान दिलें. दाढी तांबडी म्हणून लोक पुढें याला 'तांबडा सैतान' म्हणत. चार महिने हे दोघे एकमेकांचा विक्रम मोडीत राहिले. १७ जानेवारी १८९९ रोजीं तर एकाच दिवशीं दोघांनीं तो मोडला. जेनात्सीचीही गाडी विजेचीच. मार्चांत काउंट ९२ च्या पुढें गेला. मग जेनात्सीनें बंदुकीच्या गोळीच्या आकाराची, हलक्या मिश्रधातूच्या पत्र्याची, दोन विद्युत् मोटरींची नवी गाडी बनविली आणि २९ एप्रिल १८९९ रोजीं ताशी १०५.८८ किलोमीटर वेगानें ती पळविली. शंभरांची वेस ओलांडणारी जगांतील पहिली मोटार ती. वारा कापण्यासाठीं गाडी निमुळती केली खरी, पण हांकणारा कमरेपासून वर उघडाच बसलेला. छायाचित्र पाहून मला हंसूं आवरेना. गाडीचें नांव 'ला जामे कोंतांत', म्हणजे कधींच संतुष्ट न होणारी. 'नित्यासंतुष्टा' असें त्याचें संस्कृत रूपांतर मीं मनांतल्या मनांत करून टाकलें. ती गाडी आज फ्रान्समध्यें कोंपिएन्य येथील संग्रहालयांत आहे. ज्या वस्तूला मी नवखी म्हणत होतों, ती आमच्या पद्मिनीची पणजी शोभावी इतक्या वयाची निघाली.

मग ती मागें कां पडली? शिशाच्या बॅटऱ्या अतिशय जड, थोडक्या अंतरांत उतरणाऱ्या, आणि शहराबाहेर वीज नाहीं. उलट १९०१ सालीं टेक्सासांत स्पिंडलटॉप येथें तेलाचा झरा फुटला, आणि १९१३ पासून फोर्डच्या कारखान्यांत सरकत्या पट्ट्यावर स्वस्त मोटारी निघूं लागल्या. परंतु मला सर्वांत गंमत वाटली ती चार्ल्स केटरिंगच्या युक्तीची. तोंवर पेट्रोलचें इंजिन हँडल फिरवून चालू करावें लागे. हँडल उलटें फिरलें कीं मनगट मोडे. त्यामुळें शहरांतील स्त्रिया विजेची गाडी पसंत करीत. केटरिंगनें बॅटरीवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडींत तो बसविला गेला. म्हणजे विजेच्या मोटारीचा घात करावयास बिभीषण मिळाला तो विजेच्याच घरांतला. आणि आमची पद्मिनी धक्का मागते, तीही टाकींत पेट्रोल नसतें म्हणून नव्हे, तर बॅटरी उतरते म्हणून!

शर्यतींच्या जगांत तर आतां वारें पुरतेंच फिरलें आहे. फॉर्म्युला वनच्या गाड्यांत २०१४ पासून पेट्रोलच्या इंजिनास विजेची जोड आहे. पण माझें लक्ष वेधलें तें घाटाच्या शर्यतीनें. अमेरिकेंत कोलोरॅडोमध्यें पाइक्स पीक म्हणून डोंगर आहे. तेथें सुमारें वीस किलोमीटरांचा चढ, १५६ वळणें आणि शेवट ४,३०० मीटर उंचीवर. वर हवा विरळ होते. पेट्रोलच्या इंजिनास श्वास पुरत नाहीं, त्याची शक्ति गळते. विजेच्या मोटरीस श्वासाची गरजच नाहीं. २०१३ सालीं सेबास्तियन लोएबनें पेट्रोलच्या गाडींतून हा चढ ८ मिनिटें १३ सेकंदांत संपविला होता. २०१८ सालीं रोमँ द्युमा यानें फोक्सवागेनच्या विजेच्या गाडींतून ७ मिनिटें ५७ सेकंदांत शिखर गांठलें. आठ मिनिटांच्या आंत तेथें पूर्वीं कोणीही पोंचलें नव्हतें.

दुसऱ्या सभेंत मीं हें सारें प्रांजळपणें सांगितलें. आपल्याकडील बरीचशी वीज कोळशाचीच आहे, एवढी हरकत मात्र नोंदवून ठेवली. पुतण्याला वाटलें, पद्मिनीचा निकाल लागला. तेव्हां इतका वेळ वाती वळीत बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "तुझ्या वेळीं भर पावसांत, मध्यरात्रीं मला साताऱ्याला दवाखान्यांत याच गाडीनें नेलें. तेव्हां तिला धक्का मारावा लागला नव्हता." पुतण्या गप्प झाला. मग माझ्याकडे वळून त्यांनीं विचारलें, "भावजी, पन्नास वर्षें झालेल्या गाड्यांचा कांहीं वेगळा कायदा आहे ना?" आहे. २०२१ सालच्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपांत राखलेल्या मोटारीस निराळी नोंदणी मिळते. रोजच्या कामास ती वापरतां येत नाहीं. पण प्रदर्शनास, मेळाव्यास नेतां येते. पद्मिनीचीं पन्नास वर्षें २०२८ सालीं भरतात. "मग तोंवर राहूं द्या," वहिनी म्हणाल्या. छपराचा प्रश्नही त्यांनींच सोडविला : जुनीला सर्दी होते, नवीला नाहीं, तेव्हां नवी बाहेर.

नवी गाडी आल्यावर पहिली फेरी पसरणीच्या घाटाचीच झाली. ना घरघर, ना गिअर. चढ कोठें सुरू झाला तेंही कळलें नाहीं. खरें सांगावयाचें तर वर जातांना मला थोडें चुकल्याचुकल्यासारखें होत होतें. हातांना कांहीं कामच नाहीं. झांकण उघडून पाहिलें तर पाना लावावा अशी एकही जागा दिसेना. परंतु उतरतांना नातवानें पडद्याकडे बोट दाखविलें. पांचगणीस निघतेवेळीं बॅटरीचा जो आंकडा होता, त्याहून तो पायथ्याशीं दोन टक्क्यांनीं अधिक होता. उतारावर चाकेंच मोटर फिरवितात, मोटर वीज उत्पन्न करते आणि ती बॅटरींत परत जाते. ब्रेकांना जळकट वास नव्हता. दादांनीं घाटाखालीं म्हटलेलें वाक्य मीं नातवाला सांगितलें. त्यानें विचारलें, "मग आजोबांना हें तेव्हांच माहीत होतें?" मी म्हणालों, दुखणें माहीत होतें, औषध नव्हतें.

गेल्या महिन्यांत पद्मिनीला तपासणीस नेलें. स्टार्टरनें दोनदां कण्हून मान टाकली. मग पुतण्या आणि नातू मागून धक्का मारावयास लागले, मी स्टिअरिंगवर होतों, आणि वहिनी शेजारीं त्यांच्या नेहमींच्या जागीं बसल्या होत्या. नोंदणी पांच वर्षांसाठीं झाली. परततांना नवी बॅटरी बसवून आणली.