काकवीची ओळख

हिवाळ्यात सोलापूर रस्त्याने यवत ओलांडलं की गुऱ्हाळांचा वास सुरू होतो. चिपाडांचा धूर, उकळता रस, मळीचा आंबूस दर्प आणि या सगळ्याच्या तळाशी करपायच्या बेतात आलेली एक जड गोडी. दौंड तालुक्यात वाढलेल्या माणसाच्या नाकात तो वास कायमचा बसतो. निकाराग्वातल्या तंबाखूची चव मला कळली ती या वासाच्या आधाराने.

ती चव एका सिगारची. तो पाद्रोन कंपनीचा होता, 1964 मालिकेतला, गडद माडुरो पानाचा. होसे ओर्लांदो पाद्रोन क्यूबा सोडून आलेला माणूस. 1964 साली त्याने मायामीत सिगारचा धंदा उभा केला आणि पुढे निकाराग्वातल्या एस्तेलीच्या तंबाखूवर नाव कमावलं. या मालिकेतलं पान चार वर्षं मुरवतात. दाबून चौकोनी केलेला तो सिगार हातात घेतला तर बोटांना पानाचा तेलकटपणा लागतो. परदेशातून आलेल्या मित्राने तो आणला होता. पाटसजवळ त्याच्या घरचं गुऱ्हाळ आहे. संध्याकाळी तिथेच बाज टाकून बसलो, सोबत स्टाउट या काळ्या बिअरची बाटली.

पेटवण्याआधी गुऱ्हाळातल्या गुळव्यामामांनी सिगार मागून घेतला, नाकाशी धरला आणि म्हणाले, "तंबाखू म्हणताय, पन ह्याला काकवीचा वास येतोय की!"

मामांच्या नाकावर माझा पूर्ण विश्वास आहे. पाक पाण्यात टाकून त्याची गोळी कशी होते एवढं बघून काहील उतरवायची वेळ सांगणारा हा माणूस. रस 118 अंशांच्या आसपास गेला की गूळ धरतो, हे पुस्तकात असतं. मामांना ते बुडबुड्यांच्या आकारावरून कळतं. त्याच्या बरंच आधी थांबलं तर काकवी.

सिगारचं पानही असंच सांभाळावं लागतं. वाळलेल्या पानांना ओलावा देऊन त्यांचे मोठे ढीग रचतात. ढीग आतून आपोआप तापतो. फार तापला की मोडायचा, आतली पानं बाहेर आणि बाहेरची आत करून पुन्हा रचायचा. यात अमोनियाचा उग्र वास उडून जातो. गडद पानाला ही धग जास्त आणि जास्त काळ सोसावी लागते, म्हणून ते मुळातच जाड लागतं. स्टाउटचा काळेपणा बार्लीच्या भाजणीतून येतो. दाणे 200 अंशांच्या पुढे, जवळजवळ कॉफीसारखे भाजतात. पान, दाणा आणि उसाचा रस, तिघांनाही हा रंग उष्णतेने दिलेला. तिघं एकमेकांना ओळखतात ते त्यामुळे, असं मला मनापासून वाटतं.

धूर तोंडातच घोळवायचा, छातीत घ्यायचा नाही. झुरका मिनिटाला एखादा; घाई केली की पान तापून कडू होतं. सुरुवातीला जिभेच्या टोकावर मिरी आली. सिगारच्या धुराने तोंड कोरडं पडतं आणि तिथे फिकी लागर बिअर घेतली तर ती नुसती पाणी वाटते. स्टाउटला अंगची गोडी असते, जडपणा असतो. धुराखाली ती दबत नाही. फक्त ती बर्फगार नको, कारण गारठलेल्या जिभेला काही कळत नाही. बाटली तासभर बाहेर ठेवली होती. मध्यावर आलो तेव्हा कोको लागला, कडक कॉफी लागली आणि मग, मामांनी न पेटवताच सांगितलेली काकवी. शेवटच्या तृतीयांशात माती वर आली, त्यामागून कडवटपणा. तिथे मी थांबलो. धूर छातीत घेतला नाही तरी तंबाखूने तोंडाचा आणि घशाचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून हे सुख मी क्वचितच घेतो.

सिगार आणि काळी बिअर ही जोडी या भागाला नवी नसावी. चौफुल्याहून पारगावला भीमा ओलांडून न्हावऱ्यामार्गे शिरूरला जाता येतं. घोडनदीकाठची ती इंग्रजांची जुनी छावणी. पुणे हॉर्स हे घोडदळ 1817 साली उभं राहिलं आणि पुढे त्याचा मुक्काम बराच काळ तिथे होता. हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांसाठी विलायतेहून काळी पोर्टर बिअर जहाजांनी येई, तिरुचिरापल्लीच्या चिरुटांची ख्याती तर लंडनपर्यंत होती. घोडनदीच्या संध्याकाळी या दोघांवाचून गेल्या असतील, हे मला पटत नाही.

त्याच शिरूरमध्ये कर्नल विल्यम वॉलेसची कबर आहे. तो 1809 साली वारला. लोकांनी त्याला सत्पुरुष मानलं आणि सुगीत नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीपुढे ठेवू लागले, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. लखनौला मूसाबागेत कॅप्टन वेलच्या कबरीवर लोक सिगारेट वाहतात, म्हणजे साहेबाला त्याची आवड पुरवतात. शिरूरकरांनी साहेबाला आपलं धान्य खाऊ घातलं. मला शिरूरकरांची रीत जवळची वाटते. परक्याला आपल्या ताटातलं वाढलं की तो घरचा होतो. तंबाखू तरी कुठे इथली होती? पोर्तुगीजांबरोबर ती आली, दख्खनेत रुजली आणि अकबराच्या दरबारात ती पोचवणारा असद बेग विजापूरहूनच ती घेऊन गेला होता.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. ज्या काळेपणासाठी सिगारला आणि स्टाउटला जास्त पैसे मोजतात, त्याच काळेपणामुळे आमच्या गुळाचा भाव पडतो. बाजाराला पिवळीधमक ढेप हवी, म्हणून कित्येक गुऱ्हाळांत रसात हायड्रॉस नावाचं रसायन टाकून रंग उतरवतात आणि रंगाबरोबर चवही जाते. मामा घरच्यासाठी वेगळी काढतात ती ढेप तांबूस-काळी असते, तीच खरी. 2009 साली डूलाली या छोट्या बिअर कारखान्याने पुण्यात ताजी बिअर गाळायला सुरुवात केली, त्यानंतर शहरात असे बरेच कारखाने झाले. त्यांतल्या कुणीतरी माघात इकडे यावं, मामांशेजारी काहिलीपाशी बसावं आणि दौंडची काकवी घालून एक काळी स्टाउट करावी. तिच्या बाटलीवर केडगावचं किंवा पाटसचं नाव असावं आणि काकवीला पिवळ्या गुळापेक्षा चार पैसे जास्त मिळावेत.