बंदीच्या दिवसांतली वही

३ जून
मासेमारी बंद. १ जून ते ३१ जुलै. होड्या वर ओढल्या. दादाची सगळ्यांत वर, माडांजवळ. दरवर्षी वर झावळ्यांचे झाप तो स्वतः घालतो. यंदा गडी घालून गेले.
भाचीची जुनी चित्रकलेची वही मागून घेतली. निम्मी कोरी आहे.

५ जून
एचबी पेन्सिल. होडी काढली. खाली अर्धा चंद्र, वर काठी. ही कुणाचीही होडी झाली. दादाची नाही.

६ जून
भाची म्हणाली, "आत्या, तू होडीकडे बघतच नव्हतीस. सारखी कागदाकडे बघत होतीस."

९ जून
भाची यंदा चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसणार. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती. तिच्या सरांनी दिलेला सराव मीही करायचा ठरवला. कागदाकडे बघायचं नाही. वस्तूच्या कडेवरून नजर सावकाश न्यायची, पेन्सिल त्याच गतीने. किमॉन निकोलाईडिस नावाच्या अमेरिकन चित्रकला शिक्षकाच्या १९४१च्या पुस्तकात ही रीत आहे.
केलं. रेघ कुठल्या कुठे गेली. पण फळी नाळेजवळ, पुढच्या टोकाला, आधी आत वळते आणि मग वर उठते, हे आज दिसलं. इतकी वर्षं ती होडी बघतेय.

११ जून
पाऊस. दिवसभर.

१२ जून
कागद सर्दावला. कठीण पेन्सिल ओरखडे काढते. खोडायला जावं तर कागदाचा भुगा. वही आता रात्री चुलीवरच्या माळ्यावर.

१६ जून
उघडीप. परशुरामाच्या पुतळ्यापाशी गेले. परशुराम अर्ध्या पृथ्वीगोलावर उभे आहेत. मला तो गोल हवा होता. नुसती रेघ मारली की ताट. एका बाजूने उजेड धरला, दुसरीकडे छटा वाढवत नेली, तेव्हा फुगला. सगळ्यांत गडद जागा अगदी कडेला नसते. कडेवर जमिनीवरून परतलेला थोडा उजेड असतो.
खाली बंदर. दादाची होडी वरूनही ओळखता आली.

१७ जून
दापोलीला गेले. टू-बी, फोर-बी, सिक्स-बी आणल्या. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे शिसं नव्हेच, ग्रॅफाइट आणि चिकणमाती. माती जास्त तर कठीण, कमी तर मऊ आणि काळी.

२२ जून
हर्णैहून माणूस आला. होडीच्या फळ्या ठोकून बघितल्या. पठाणाला, तळाच्या कण्याला, खालून हात लावला. दादा घराबाहेर आला नाही.

२३ जून
झोप नाही.

२५ जून
फक्त नाळ. दुसरं काही काढायचं नाही.

२ जुलै
सुतारमामा शेजारच्या होडीची फळी बदलायला आलेत. कागदावर काही नाही. थोडं माप, बाकी नजर. माझी वही मागितली. बराच वेळ धरून बसले.
"बाय, ही फळी नाळंला भेटत नाय. हितनं पाणी शिरल."
तिथे मी सावली म्हणून काळं केलं होतं.

३ जुलै
मामांनी क्रम सांगितला. आधी पठाण, मग नाळ, फळ्या त्यानंतर. होडी बांधतात तशीच काढायची. पुन्हा पहिल्यापासून.

९ जुलै
व्यवहार ठरला. इंजिनासकट. बंदी उठायच्या आत नेणार.
दादा जेवला नाही.

१० जुलै
वीज नाही. कंदिलाच्या उजेडात भाचीच्या पुस्तकातलं हळदणकरांचं चित्र बघितलं. सावळाराम हळदणकर, सावंतवाडीचे, जन्म १८८२. हातात दिवा घेतलेली बाई. ज्योतीआड धरलेला हात, बोटांतून येणारा तांबूस उजेड. समोर त्यांची मुलगी उभी राहिली होती. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. जलरंगातलं. जलरंगात उजेड रंगवायचा नसतो, कागद कोरा राखायचा असतो. रंगवायचा तो भोवतालचा काळोख.
खूप वेळ झोपले नाही. पण आज काळजीने नाही.

११ जुलै
झापाखालचा काळोख आधी काढला. होडीला हात लावला नाही. होडी पुढे आली. सिक्स-बी निम्मी संपली.

१८ जुलै
दादा आला. पावसातून. माझ्या मागे उभा राहिला.
"उजव्या अंगाला ठिगळ आहे. ते राहिलं."
ठिगळ कधी बसवलं ते सांगत बसला. अंधार पडेपर्यंत. चित्रात काढलं.

२४ जुलै
मामांना दाखवलं. एकेका फळीवरून बोट नाळेपर्यंत नेलं. "आता नाय शिरत पाणी."

२९ जुलै
नेली. भरतीला.

१ ऑगस्ट
बंदी उठली. काही होड्या निघाल्या, काही नारळी पौर्णिमेसाठी थांबल्यात. माडांजवळ झाप तसेच पडलेत.

३ ऑगस्ट
दादाला अजून एक चित्र हवंय, मुंबईच्या मुलाला पाठवायला. समोर काही नाही. भाची म्हणते, हेच स्मरणचित्र.
पठाण. मग नाळ. कागदाकडे न बघता जिथे जिथे नजर फिरवली होती, तिथली रेघ न् रेघ आली. ठिगळही आलं. इंजिनाची बाजू मी नीट बघितलीच नव्हती. तिथे आठवायला काही नाही. ती कोरी ठेवली.
ज्याला शिकायचंय त्याने हात वळण्याची वाट बघू नये. वस्तू समोर आहे तोवर तिच्यापुढे बसावं.